आधी इमारत नको, आधी माणसांचा पगार मागा

पत्राचा गोषवारा: गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका निवृत्त सरकारी कर्मचाऱ्यांचं पत्र आहे. स्वतः 68 वर्षांचे, पत्नी 64 वर्षांच्या. मुलगा 34 वर्षांचा, बौद्धिक दिव्यांगत्व 75 टक्के. तो हिंडतो-फिरतो, हातानं जेवतो, पण आंघोळीला कुणीतरी लागतं आणि मधूनच फीट येते. मुलगी लग्नानंतर पुण्याला असते. अशाच आठ कुटुंबांनी मिळून ठरवलं आहे की संस्था नोंदवायची, सरकारकडून पाच हजार चौरस मीटर जमीन घ्यायची आणि पन्नास जणांचं वसतिगृह उभारायचं. आमदारांकडे जमीन मागितल्यावर सांगे तालुक्यात, वस्तीपासून लांब एक जागा दाखवण्यात आली आहे. काही पालक भाट, म्हणजे बागायतीची जमीन, विकून पैसे घालायला तयार आहेत. मुलगी म्हणते, "घर माझ्या नावावर करा, भावाला मी बघते." पण तिच्या संसारावर भार नको, असं आईवडिलांना वाटतं. प्रश्न असा: इमारतीसाठी सरकारी निधी कुठल्या योजनेतून मिळेल?

नमस्कार.

योजनांकडे मी येणारच आहे. त्याआधी एक गोष्ट विचारायची आहे. तुमच्या पत्रात जमीन किती, खोल्या किती, मजले किती, सगळं आहे. मुलगा सकाळी उठल्यावर कुठे जातो, चहाच्या गाड्यावर त्याला कोण ओळखतं, जत्रेला कुणाबरोबर जातो, हे मात्र एका ओळीतही नाही. आणि वसतिगृह सांग्याला झालं, तर नेमकं हेच सगळं त्याच्या हातून जाणार आहे.

"आमच्यामागे त्याला संस्थेतच ठेवावं लागेल" हे तुम्ही गृहीत धरलं आहे. कायदा तसं धरत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 च्या कलम 5 प्रमाणे प्रत्येक दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे. अमुक एका ठिकाणीच राहायला तिला भाग पाडलं जाऊ नये आणि घरी किंवा वस्तीत राहण्यासाठी लागणारी मदत, मदतनिसासकट, तिला मिळावी, यासाठी शासनानं प्रयत्न करायचा आहे. म्हणजे वेगळं, आधारासह, चारचौघांत राहणं ही सवलत नाही. मागणी करताना याच कलमावर उभे राहा.

आता पन्नासाचा आकडा. तो सहसा जमिनीवरून ठरतो. एवढी जागा मिळतेय, तर एवढी माणसं, असा तो हिशोब असतो. आडबाजूच्या मोठ्या वसतिगृहाचं काय होतं ते ठरलेलं आहे. पहिली दोन वर्षं पालक ये-जा करतात. मग त्यांची वयं वाढतात. कदंब महामंडळाची, म्हणजे सरकारी, शेवटची बस लवकर असते, म्हणून संध्याकाळच्या पाळीला माणूस मिळत नाही. मिळाला तर टिकत नाही. माणसं कमी पडली की सगळ्यांची आंघोळ एकाच वेळी, जेवण एकाच वेळी, आणि संध्याकाळी सहाला दार बंद. कुणी वाईट वागतं म्हणून असं होत नाही. पन्नास जणांना चार माणसं सांभाळू लागली की दुसरं काही शक्यच नसतं. रात्री फीट थांबली नाही, तर मोठ्या इस्पितळापर्यंतचं अंतर कापावं लागतं, तेही पावसाळ्यात.

म्हणून माझं स्पष्ट मत असं आहे: चार ते सहा जणांचं घर, बाजार आणि आरोग्य केंद्र चालत जाण्याच्या अंतरावर, शक्यतो तुमच्याच तालुक्यात. आठ कुटुंबं असाल तर अशी दोन घरं. शेजार असलेलं साधं घर, बाहेर फलक नसलेलं.

निधीकडे येऊ. इमारत हा एकदाचा खर्च आहे, आणि त्यासाठी देणगीदार मिळतात, कारण कोनशिलेवर नाव लागतं. घर बुडतं ते दर महिन्याच्या पगारावर. हिशोब मांडून बघा. आठवड्याचे तास 168. एक माणूस आठवड्याला 48 तास काम करतो. म्हणजे चोवीस तास एक माणूस घरात हवा असेल तर साडेतीन माणसं लागतात. साप्ताहिक सुटी यात आली. रजा, आजारपण आणि चतुर्थीला गावी जाणं धरलं की साडेचार. सकाळी आंघोळ-नाश्त्याचे तीन तास आणि संध्याकाळचे तीन तास दुसरा हात लागतोच. तो आणखी एक माणूस. म्हणजे पाच जणांच्या घराला साडेपाच पगार.

पगार 20,000 रुपये धरून चालू. 1,10,000 झाले. विमा, बोनस, रजेचा पगार यांसाठी वर 15 टक्के, म्हणजे 16,500. जेवणखाण माणशी 6,000 धरलं तर 30,000. भाडं 30,000. वीज, गॅस, दुरुस्ती, रिक्षा, औषधं 18,500. एकूण महिना 2,05,000, माणशी 41,000. वर्षाचे 24.6 लाख. महागाई न धरताही वीस वर्षांत हे पाच कोटींच्या घरात जातं. तुमच्या भागातले खरे दर घालून हाच तक्ता आठही कुटुंबांनी एकत्र बसून भरा. कुणाच्या मुलाला रात्री जागा माणूस लागतो आणि कुणाला झोपलेला चालतो, हेही त्यात लिहा, कारण सगळ्यात मोठा फरक तिथेच पडतो. हा तक्ता हातात आल्याशिवाय कुणीही भाट विकू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

हा महिन्याचा खर्च कशातून भागेल? एकाच योजनेतून भागत नाही, तो जोडत न्यावा लागतो.

पहिला आधार तुमच्याच घरात आहे. तुम्ही निवृत्त सरकारी कर्मचारी आहात. स्वतःच्या पोटापुरतं कमावू न शकणाऱ्या दिव्यांग मुलाला कुटुंब निवृत्तिवेतन आयुष्यभर मिळू शकतं. पण त्याचं नाव तुमच्या हयातीतच निवृत्तिवेतनाच्या आदेशात चढवून ठेवायला हवं. तुमच्यामागे मुलीनं पुण्याहून येऊन, तीस वर्षांपूर्वीची कागदपत्रं शोधून ते चढवणं किती अवघड आहे, कल्पना करा. दिव्यांगत्वाचा दाखला, यूडीआयडी (दिव्यांगांचं ओळखपत्र) कार्ड आणि अर्ज घेऊन या महिन्यातच लेखा खात्यात जा. गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचं मासिक साहाय्य त्याच्या स्वतःच्या खात्यात जमा होऊ द्या. संस्थेच्या खात्यात ते वळवू नका. कपडे, चहा, मोबाइल, पेढे यांसाठी स्वतःचा पैसा हाताशी असणं हाही स्वतंत्र राहण्याचाच भाग आहे.

दुसरा आधार केंद्राचा राष्ट्रीय न्यास, म्हणजे 1999 च्या कायद्यानं स्थापन झालेला नॅशनल ट्रस्ट. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व या चार गटांसाठी तो आहे, म्हणजे तुमचा मुलगा त्यात बसतो. अल्पकाळ राहण्याची 'समर्थ' आणि प्रौढांच्या गटनिवासाची 'घरौंदा' या त्याच्याच योजना, आता 'समर्थ-कम-घरौंदा' या नावानं एकत्र केलेल्या. 'निरामय' या आरोग्य विम्यात वर्षाला एक लाखापर्यंत उपचारखर्च मिळतो. तो अर्ज आजच करता येतो, संस्थेची वाट पाहायची गरज नाही. पालकांची संघटनाही न्यासाकडे नोंदणी करू शकते. क्रम मात्र चुकवू नका. आधी 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था नोंदवा (किमान सात सभासद लागतात, तुम्ही आठ कुटुंबं आहात). मग दिव्यांग हक्क कायद्याखालची नोंदणी, मग न्यासाची. नव्या संस्थेकडून अनुदानासाठी सहसा दोन-तीन वर्षांच्या कामाचा पुरावा आणि तपासलेले हिशोब मागतात. म्हणून इमारतीची वाट न बघता भाड्याच्या खोलीत दिवसाचं केंद्र सुरू करा. त्या वर्षांचे हिशोब पुढच्या प्रत्येक अर्जाला लागतात.

अनुदान उशिरा येतं, हे धरूनच चाला. आधी खर्च करा, पावत्या द्या, मग पैसे, अशीच बहुतेक अनुदानांची रीत आहे. तीन महिने पगार थकला की चांगला मदतनीस निघून जातो. आणि मुलाचा विश्वास बसलेला माणूस गेला की त्याची झोप, जेवण, फीट, सगळंच बिघडतं. सहा महिन्यांचा खर्च, वरच्या हिशोबानं 12.3 लाख, हात न लावता बाजूला ठेवा. कंपन्यांचा सामाजिक निधी गाडी, पलंग, सौर पॅनल यांसाठी मागा. पगारासाठी त्यावर विसंबू नका. तो दोन-तीन वर्षांनी संपतो.

तिसरा आधार राज्य सरकार. आमदारांकडे तुम्ही जमीन मागितलीत, त्याऐवजी काय मागावं ते सांगते. गोव्यात दिव्यांगजन सक्षमीकरणाचं स्वतंत्र खातं आहे, राज्य आयुक्त आहेत. जानेवारी 2023 मध्ये पणजीत पहिला पर्पल फेस्ट, म्हणजे दिव्यांगांचा महोत्सव, झाला, तेव्हापासून या विषयाकडे सरकारचं लक्षही आहे. अशा वेळी मागणी मोघम असली की उत्तरही मोघम येतं. तुमची मागणी अशी असावी: आधारासह राहणाऱ्या प्रत्येक प्रौढ दिव्यांग व्यक्तीमागे दरमहा ठरावीक मदतनीस-साहाय्य, आणि ते त्या व्यक्तीशी जोडलेलं. तिनं घर बदललं, संस्था बदलली, तर पैसा तिच्याबरोबर जावा. इमारतीला अनुदान दिलं तर माणूस त्या इमारतीला बांधला जातो. भाषणातल्या आश्वासनावर थांबू नका. योजना राजपत्रात अधिसूचित झाली आणि अर्थसंकल्पात तिच्या नावानं तरतूद पडली, तरच ती आहे. अर्थसंकल्प वर्षाच्या सुरुवातीला मांडला जातो, खात्यांचे अंदाज त्याआधी पावसाळा संपता संपता तयार होऊ लागतात. तुमचा दोन पानी प्रस्ताव आणि तो खर्चाचा तक्ता ऑगस्टपर्यंत खात्याच्या टेबलावर हवा. फेब्रुवारीत शिष्टमंडळ नेऊन फोटो निघतो, तरतूद होत नाही.

त्याच सुमारास दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 38 खाली मुलासाठी 'उच्च आधाराची गरज' असल्याचा अर्जही करा. तो अर्ज मूल्यमापन मंडळाकडे जातो. निर्णय काहीही लागो, त्याची गरज कागदावर येते. अशा आठ अर्जांचे आवक क्रमांक प्रस्तावाला जोडलेले असतील, तर "एवढी गरज आहेच कुठे" असं कुणाला म्हणता येत नाही.

जागेबद्दल. त्याच कायद्याच्या कलम 37 खाली गृहनिर्माणाच्या सर्व संबंधित योजनांमध्ये लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्यांना, म्हणजे 40 टक्के किंवा अधिक, पाच टक्के आरक्षण आहे आणि त्यात महिलांना प्राधान्य. निवाऱ्यासाठी सवलतीच्या दरानं जमीन दिली जाते, तिथेही पाच टक्के. गोवा गृहनिर्माण मंडळाला माहिती अधिकारात विचारा: 2017 नंतरच्या प्रत्येक वाटपात किती सदनिका, किती भूखंड होते, दिव्यांगांना किती गेले, उरलेल्या पाच टक्क्यांचं काय झालं? शुल्क दहा रुपये, मुदत तीस दिवस. सांग्याच्या पाच हजार मीटरपेक्षा वस्तीतल्या एका वसाहतीत तळमजल्यावर दोन सदनिका मिळणं तुमच्या मुलांसाठी कितीतरी मोलाचं आहे. पाणी, वीज, रस्ता, शेजार, सगळं तयार असतं, आणि पन्नास लोक एका कुंपणात कोंडले जात नाहीत.

स्वतःची जमीन वापरायची असेल, तर आराखडा काढण्याआधी चार कागद बघा. एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला जमिनीच्या हक्कांचा उतारा) सहमालक किती आहेत. कुळ किंवा मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा) आहे का. प्रादेशिक आराखड्यात जमीन वस्तीच्या विभागात येते की भाटाच्या. आणि सनद, म्हणजे जमीन बिगरशेती केल्याचा आदेश, आहे का. भाटाच्या विभागातल्या जमिनीवर घर "पुढे नियमित करून घेऊ" म्हणून बांधलेलं असेल तर ते कुठल्याच अनुदानाला चालत नाही. जमीन संस्थेला बक्षीस देण्याची घाईही नको. दिलेली जमीन परत येत नाही, संस्थेत मात्र भांडणं होतात. दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा करा. घराचा मालक एक आणि आधार देणारी संस्था वेगळी, ही रचना सगळ्यात सुरक्षित. संस्थेशी पटलं नाही तर संस्था बदलते, मुलाचं घर तेच राहतं. दोन्ही एकाच हातात असतील तर तक्रार करायलाही पालक घाबरतात.

बांधकाम किंवा फेरफार करताना कंत्राटदार बहुधा कुठे चुकतात, तेवढं सांगते. आपल्याकडे पावसामुळे जोतं दीड-दोन फूट उंच असतं. उताराचं प्रमाण 1:12 हवं. म्हणजे 450 मिलिमीटर जोत्याला 5.4 मीटर लांब रॅम्प, 600 मिलिमीटरला 7.2 मीटर, शिवाय दोन्ही टोकांना दीड दीड मीटर सपाट जागा. कंत्राटदार तीन मीटरमध्ये बसवून देतो आणि तो कुणालाही वापरता येत नाही. वर छप्पर घ्या, नाहीतर जूनमध्ये शेवाळ धरतं. दारं 900 मिलिमीटर मोकळी. न्हाणीघर-शौचालय किमान 2200 गुणिले 2000 मिलिमीटर. त्याचं दार बाहेर उघडणारं आणि कडी बाहेरून काढता येईल अशी हवी. फीट येऊन माणूस दाराला टेकून पडला, तर आत उघडणारं दार उघडताच येत नाही. आज मुलं चालतात म्हणून हे टाळू नका. ती पण साठीची होणार आहेत.

आता मुलीचं म्हणणं. ते भार म्हणून बाजूला सारण्याआधी तिच्याशी नीट बोला. "बघते" म्हणजे नेमकं काय? तिच्याबरोबर पुण्यात राहणं, की इथल्या घरावर लक्ष ठेवणं आणि निर्णयात साथ देणं? पहिलं भारी आहे. दुसरं बहुतेक बहीण-भावंडांना जमतं आणि हवंही असतं. तुम्ही तिला दोनच टोकं दाखवली आहेत: सगळं कर, नाहीतर काहीच नको.

पण "घर माझ्या नावावर करा" हे गोव्यात इतकं सोपं नाही. लग्नाच्या वेळी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता तुम्हा दोघांची निम्मी-निम्मी आहे. आपल्या वाट्यातल्या अर्ध्याचंच मृत्युपत्र मोकळेपणानं करता येतं, उरलेलं अर्धं मुलांच्या सक्तीच्या वारसाहक्काचं, आणि त्यात मुलगाही येतो. मुलीला दिलेलं बक्षीस पुढे वाटणीत मोजलं जाऊ शकतं. 2012 चा गोवा उत्तराधिकार कायदा जाणणाऱ्या वकिलाकडे दोघांनी जाऊन, मोकळ्या वाट्यातून घरावर मुलाला आजीवन उपभोगाचा हक्क आणि मुलीला मालकी, असं काही बसतं का ते विचारा. मुलाचा अंगठा घेऊन हक्कसोड करून टाकावी असं कुणी सुचवलं, तर त्या वाटेला जाऊ नका.

पालकत्वाचंही लगेच बघा. मूल 18 वर्षांचं झालं की आईवडील कायद्यानं आपोआप पालक राहत नाहीत; 34 व्या वर्षी तर नाहीच. राष्ट्रीय न्यासाच्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समिती पालक नेमते. अर्ज तुम्हीच करा. समितीकडे पालक म्हणून आता मुलगी पुढे आली तर उत्तम. नेमलेल्या पालकानं सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशोब द्यायचा असतो, हे तिला आधीच सांगा. घर चालवणाऱ्या संस्थेलाच पालक नेमू नका. आणि पालक नेमला म्हणून मुलाचं मत संपत नाही. कुणाबरोबर खोलीत राहायचं, काय खायचं, कुठली सुटी हवी, हे त्याला कळतं. तो बोलत नसेल तर चित्रांतून, किंवा दोन्ही ठिकाणं प्रत्यक्ष दाखवून विचारा. (तुमच्या आठ मुलांपैकी कुणाला मानसिक आजार असेल, तर ही समिती त्याच्यासाठी नाही. त्याला मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 लागतो. आधारासह निवास आणि समाजात राहण्याचा हक्क त्यातही आहे.)

सगळ्यात मोठी चूक वेळेची होते. वडील गेले, आई अंथरुणाला खिळली, आणि बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी मुलाला नव्या ठिकाणी सोडलं. त्याच आठवड्यात त्याचे वडील, त्याची खोली, रोजचा चहा आणि ओळखीचा रस्ता, सगळंच गेलेलं असतं. तो ओरडतो, मारतो, मग औषध वाढवलं जातं. हे टाळायचं तर तुम्ही दोघं धडधाकट असतानाच सुरुवात हवी. आठ कुटुंबांपैकी ज्यांच्याकडे मोकळी खोली आहे, तिथे दोन-तीन मुलांनी महिन्यातून एक रात्र राहावं, एका पगारी मदतनिसासह. तीन-चार महिन्यांनी शनिवार-रविवार. मग आठवडा. फीट किती वेळ चालते, किती मिनिटांनंतर दवाखान्यात न्यायचं, कुठलं औषध किती वाजता, कशानं तो चिडतो, झोपताना कुठली चादर लागते, सोमवारी मासे नकोत, हे सगळं एका वहीत लिहा आणि प्रत्येक राहण्यानंतर मदतनिसालाही त्यात लिहू द्या. या रात्रींतून कुणाचं कुणाशी जमतं तेही कळतं. घरात कोण कोण राहणार हे त्यावरून ठरवा, वर्गणी कुणी आधी भरली त्यावरून नको.

आणि शेजाऱ्यांना अंधारात ठेवून घर सुरू करू नका. ग्रामसभेत कुणीतरी उठून "इथे वेड्यांचं इस्पितळ होतंय" म्हणेल, आणि मग तो शब्द महिनोन्महिने पुसत बसावं लागतं. पंच आणि आजूबाजूच्या दहा घरांना आधीच भेटा, मुलांना घेऊनच भेटा. किती जण राहणार, रात्री कोण असणार, अडचण आली तर कुणाला फोन करायचा, हे त्यांना लिहून द्या. ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात त्या रस्त्यावरचे दिवे आणि गटारावरच्या फरश्या घालून घेतल्यात, तर शेजाऱ्यांचाही फायदा होईल.

कुटुंबांच्या पुढच्या बैठकीला जमिनीचा नकाशा नेऊ नका. तो कोरा खर्चाचा तक्ता न्या, आणि प्रत्येकाला एकच विचारा: येत्या महिन्यात तुमचं मूल एक रात्र कुणाच्या घरी राहील?